भाचा नसीम हमीदसारखे हात खाली सोडून खेळते, टॅलेंट असून राहून गेलेल्या बॉक्सरची उदाहरणं सांगा

जरीपटक्याचा_मामा

राम राम मंडळी. बहिणीचा पोरगा आहे, वय १६, तीन वर्षांपासून नागपूरच्या मानकापूरला बॉक्सिंगला जाऊन राहिला. हात इतके फास्ट की काय सांगू. मी पण कॉलेजात असताना थोडंफार खेळलो, म्हणजे विद्यापीठाच्या ट्रायलला दोनदा मार खाऊन घरी बसलो, पण तेवढ्यातही एक गोष्ट समजते, समोरच्याचा पंच कुठून येऊन राहिला हे या पोराला बाकीच्यांपेक्षा आधी दिसते. आता भानगड अशी की आपल्याला आधी दिसते हे त्यालाही माहीत झालं आहे.

सकाळचं रनिंग नाही. स्किपिंग दहा मिनिटं सांगितली की चार मिनिटांत पाणी प्यायला जाते. आणि दिवाळीपासून मोबाइलवर प्रिन्स नसीमच्या (तोच इंग्लंडचा नसीम हमीद, नव्वदीतला चॅम्पियन) रील पाहून पाहून रिंगमध्ये तोंडासमोर धरायचे ते दोन्ही हात कमरेशी सोडून नाचत राहते, मान इकडे मान तिकडे. कोच बोलले तर म्हणते सर लागला का एक तरी पंच? आणि खरंच लागत नाही हो, आपल्या पोरांमध्ये कोणाचा लागत नाही.

मागच्या रविवारी बाहेरचे काही पोट्टे स्पारिंगला आले होते. त्यात एक चंद्रपूरचा, दिसायला अगदी साधा, तोंडातून शब्द नाही. पहिला राउंड आमच्या साहेबांनी त्याला फिरवलं. दुसऱ्यात त्याने नुसता जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, सुरू केला, जॅब मारायचा आणि अर्धं पाऊल सरकायचं, परत जॅब. तिसऱ्यात याचं नाक फुटलं. टी-शर्ट लाल घेऊन घरी आला आणि आईला काय सांगते, तर ग्लव्ह घासला. ताईने मला फोन करून पंधरा मिनिटं झापलं, कारण पहिल्या दिवशी ॲक्टिव्हावर बसवून त्याला तिथं नेणारा मीच.

तर मला अशी उदाहरणं पाहिजेत की अंगात लय होतं पण झालं नाही. त्याच्यासमोर ठेवायची आहेत. टायसन सांगू नका, २० व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन एवढंच त्याच्या डोक्यात बसते आणि पुढचं टोकियोला हरला बिरला ते ऐकतच नाही.


साउथपॉ_सदर

नसीम पाहते नं, मग त्याला नसीमच दाखवा, फक्त पूर्ण दाखवा. रीलमध्ये काय येते? दोरीवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरणं, बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी, हात खाली, समोरचा आडवा. ते हात खाली ठेवणं कुठून आलं ते रीलमध्ये येत नाही.

शेफिल्डला विंकोबँक म्हणून भाग आहे, तिथं ब्रेंडन इंगलची जिम. येमेनहून आलेल्या घरातला हा बारीकसा पोरगा सात वर्षांचा असल्यापासून तिथं जायचा. त्या जिमच्या फरशीवर रेघा मारलेल्या होत्या आणि पोरं तासन् तास त्या रेघांवरून पुढे मागे, पाय बदल, वळ, परत ये, हेच करत बसायची. हात खाली सोडायची मुभा त्याला पायांनी मिळवून दिली होती. तुमच्या भाच्याला विचारा, पाय किती वर्षं केले?

१९९५ ला कार्डिफमध्ये स्टीव्ह रॉबिन्सनला मारून २१ व्या वर्षी फेदरवेटचा (साधारण ५७ किलोचा गट) वर्ल्ड चॅम्पियन झाला. डिसेंबर १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये केव्हिन केलीसोबत फाइट, चार राउंडांत नसीम तीनदा खाली बसला आणि केली तीनदा, शेवटी नसीम जिंकला. सगळे म्हणाले वा काय फाइट. मी ती आजही पाहतो तेव्हा मला तर वाटते की त्याच रात्री दिसून गेलं होतं, पंचात एवढी ताकद आहे की चुका झाकल्या जातात. मग पुढे इंगलसोबतही फाटलं, ज्याने लहानपणापासून घडवलं त्याच्यासोबतच.

आणि मग ७ एप्रिल २००१, लास वेगास, समोर मेक्सिकोचा मार्को अँटोनियो बॅरेरा. बॅरेरा म्हणजे घुसून मारामारी करणारा असंच सगळे समजत होते, पण त्या रात्री तो बँकेतल्या कॅशिअरसारखा शांत. नसीमच्या डाव्या हातापासून दूर दूर फिरत राहिला, जॅब आणि हुक, १२ राउंड. नसीम प्रत्येक वेळी एकाच पंचात संपवायला जाते आणि पंच हवेत. दोन जजनी ११५-११२ दिलं, एकाने ११६-१११. शेवटच्या राउंडला तर बॅरेराने त्याचं डोकं धरून कोपऱ्यातल्या पॅडवर आदळलं, एक पॉइंट कापून घेतला आणि तरी आरामात जिंकला. चंद्रपूरचा पोट्टा आठवला का?

त्यानंतर नसीमची एकच फाइट झाली, मे २००२ मध्ये. २८ व्या वर्षी दुकान बंद.


वऱ्हाडी_हुक

मामा, अमेरिकेचा हेवीवेट रिडिक बो सांगा त्याले. काय माणूस होता राजेहो! साडेसहा फुटाच्या आसपास उंची, आणि एवढा मोठा गडी असून जवळून बारीक बारीक पंच असे मारे की मिडलवेटवाला वाटे. नोव्हेंबर १९९२ ले तेव्हाच्या चॅम्पियन होलीफिल्डले हरवलं, त्यातला दहावा राउंड एकदा नक्की पाहा, जेवण थंड झालं तरी चालते.

मंग काय झालं, लेनॉक्स लुईससोबत खेळायचं होतं. लुईसनं त्याले १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या फायनलले दुसऱ्याच राउंडमध्ये थांबवलं होतं, ते सल होतंच. तं या बहाद्दरानं डिसेंबर ९२ मध्ये लंडनले फोटोवाल्यांसमोर आपला डब्ल्यूबीसी संघटनेचा चॅम्पियनचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला! माणूस ज्याच्यासाठी जलमभर मरते तो पट्टा, आन् हा कचरापेटीत. लुईससोबत प्रोफेशनलमध्ये तो कधीच खेळला नाही.

आन् खाणं. पहिल्या होलीफिल्ड फाइटले २३५ पौंड, वर्षभरानं दुसऱ्या फाइटले २४६. पाच किलो म्हणजे आपल्यासाठी काहीच नाही, एका लग्नसराईत आपण चढवतो, पण ते पाच किलो पोटावर होते आन् बाराव्या राउंडपर्यंत त्याले ओढत न्यायचे होते. हरला, पॉइंटवर, थोडक्यात. त्या फाइटच्या मधातच एक येडा पॅराशूट घेऊन रिंगच्या दोऱ्यांवर उतरला होता, वीस मिनिटं फाइट थांबली, ते पाहाच.

१९९६ मध्ये पोलंडच्या गोलोटासोबत दोनदा खेळला, दोन्ही वेळा मार खाऊन राहिला होता, पण गोलोटा कमरेखाली मारत राहिला म्हणून दोन्ही वेळा बाद झाला आन् बो जिंकला. आता सांगा, वाया कोण गेलं, बो का गोलोटा? फाइट हातात आलेली आन् कमरेखाली मारते, एकदा नाही, दोनदा! माह्या मते गोलोटाच्या डोक्यातलं आजवर कोणाले समजलं नाही, त्याले स्वतःले धरून.


तर्री_पोहे_१९८१

एक बारीकशी हरकत. नसीम ३७ पैकी ३६ जिंकला, ३१ नॉकआउट, २०१५ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. असं 'वाया' जायला मी उद्या तयार आहे. मामा, तुमच्या भाच्याने हे आकडे पाहिले तर तुमचीच पंचाईत होईल.

खरोखर राहून गेलेला म्हणाल तर मेक्सिकोचा साल्वादोर सांचेस. जुलै १९८२ ला अझुमा नेल्सनला पंधराव्या राउंडला थांबवलं आणि ऑगस्टमध्ये गाडीच्या अपघातात गेला, वय २३. आता यात पोराला शिकवायचं काय? गाडी हळू चालव, एवढंच. तेही १६ वर्षांच्या पोराला सांगायला वाईट नाही म्हणा, पाचपावलीच्या पुलावर कशी गाड्या चालवतात आपली पोरं ते रोज पाहून राहिलो.


अजनी_६०किलो

मी बरेच दिवसांनी इथे लिहितोय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. दहा बारा वर्षं खेळलो, दोनदा नॅशनलपर्यंत गेलो, खेळाडू कोट्यातून नोकरी लागली, आता ड्युटी आणि गुडघा. तुम्ही सगळे अमेरिकेत जाऊन आले, जरा आपल्याकडे या.

विकास कृष्णन. २०१० ला ग्वांगझूच्या एशियन गेम्सला गोल्ड, वय १८. २०११ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ. २०१२ लंडनला एका अमेरिकन पोराला १३-११ हरवलं, हात वर झाला, इकडे आपण झोपलो. तिकडे अमेरिकेने अपील केलं, तिसऱ्या राउंडला विकास सारखा धरत होता, एकदा गमशील्ड (दातांवरचं कव्हर) थुंकला, रेफ्रीने वॉर्निंग द्यायला पाहिजे होती, असं म्हणून काही तासांनी निकाल फिरवला, १५-१३ त्या पोराच्या बाजूने. त्या पोराचं नाव एरल स्पेन्स. तो पुढे वेल्टरवेटचे तीन पट्टे कमरेला बांधून फिरला. आता नियमाने पाहिलं तर धरलं होतं हे खरं, मी शंभरदा पाहिली ती फाइट. पण माझं म्हणणं पुढचं आहे. स्पेन्सला लंडननंतर जिम मिळाली, प्रमोटर मिळाला, वर्षातून चार पाच फाइट मिळाल्या. आपल्याकडे काय झालं? डिसेंबर २०१२ ला निवडणुकीच्या भानगडीवरून आपली फेडरेशनच सस्पेंड झाली. आपली पोरं तिरंगा सोडून आंतरराष्ट्रीय संघटनेच्या झेंड्याखाली खेळली. मग नवी फेडरेशन आली, तीही वर्षभरात फुटली, नीट व्यवस्था लागली ती २०१६ मध्ये. लंडनला आपले ८ बॉक्सर होते, रिओला ३ आणि मेडल शून्य. त्या चार वर्षांत जी पोरं १८-२० ची होती त्यांना विचारा टॅलेंट म्हणजे काय. नॅशनल कधी होणार, होणार की नाही, हेच माहीत नसायचं. नॅशनल नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही म्हणजे नोकरी नाही, आणि घरी बाप विचारतो अजून किती दिवस?

माझ्यासोबत एक होता, नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. वडिलांचा पानठेला. हाताला बांधायच्या पट्ट्या विकत घ्यायला पैसे नसायचे तर आईच्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून बांधायचा, हिरवा काठ मनगटावर यायचा, आम्ही चिडवायचो. पण त्याचा डावा हुक! मी ६० किलोत खेळायचो, तो ५६ चा, आणि स्पारिंगला त्याच्यासमोर उभं राहायला माझी टरकायची. त्याची खरी बॉडी ६० ची होती. तेव्हाच्या आमच्या कोचचा हिशेब असा की ६० मध्ये मी आहे, मग याला ५६ मध्ये बसवला तर दोन मेडल येतात. हिशेब बरोबर होता.

स्टेटच्या वजनाची सकाळ. मे महिना, आदल्या दिवशी रेनकोट घालून ४४ डिग्रीत ग्राउंडला पळाला, पाणी बंद, रात्री जेवण बंद. सकाळी काट्यावर ४०० ग्रॅम जास्त. एक तास होता. तोंडात चिंचेच्या गोळ्या, प्लास्टिकच्या बाटलीत थुंकत जिन्यावर खाली वर. मी शेजारी, बाटली धरून. न्हाव्याकडे जाऊन टक्कल केलं. शेवटी चड्डी काढून टॉवेल आडवा धरून काट्यावर चढला, काटा बरोबर ५६ वर. आम्ही नाचलो. मग त्याने समोरच्या गाड्यावर चार समोसे आणि दोन ग्लास लस्सी घेतली, मीच पैसे दिले. दुपारी बाउट. पहिल्या राउंडला पोटावर एक बसला आणि तो खाली बसला तो उठलाच नाही, म्हणजे शुद्ध होती, माझ्याकडे पाहत होता, पण पाय नव्हते. हरवलं कोणी, तर ज्याला तो एरवी पेंगत पेंगत मारायचा त्याने.

त्यानंतर महिनाभर आला. मग त्याच्या ताईचं लग्न निघालं, मग ठेल्यावर बसला. मला त्या स्टेटला सिल्वर मिळालं आणि त्याच कागदावर माझी पुढची सगळी गाडी चालली. आजही त्याच्याकडे पान खातो, पैसे घेत नाही.

डिंकोसिंगचं पण लिहिणार होतो, १९९८ बँकॉकचं गोल्ड, आधी टीममधून नाव काढलं होतं आणि मग त्याच पोराने १६ वर्षांनी आपल्याला बॉक्सिंगमध्ये एशियन गोल्ड आणून दिलं. सिडनीला २००० मध्ये काही हाती लागलं नाही. २०२१ मध्ये कॅन्सरने गेला, वय ४२ फक्त. पण ड्युटीची वेळ झाली.


सक्करदऱ्याची_आई

अजनीदादा, बाटलीचं वाचून पोटात गोळा आला हो. माझी मुलगी १३ ची आहे, ती पण शिकते. तुम्ही सगळे मुलांचंच लिहून राहिलात म्हणून माझं थोडंसं.

आपल्या नागपूरच्याच अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ ला पोलंडमध्ये यूथ वर्ल्डचं गोल्ड आणलं, ८१ किलोच्या वरच्या गटात. तेव्हा मानकापूरला एकदम मुलींची गर्दी वाढली, आमची पण त्यातच. २०२२ मध्ये कझाकस्तानात तिने तिथल्याच आधीच्या वर्ल्ड चॅम्पियनला फायनलमध्ये हरवलं. आता मला नंतर कळलं आणि मी थक्क झाले, पॅरिस ऑलिम्पिकला बायकांचं सगळ्यात वरचं वजन ७५ किलो होतं! म्हणजे ८१ च्या वरची मुलगी जगात पहिली आली तरी तिथं तिच्यासाठी दारच नाही. पुरुषांना ९२ च्या वरचा गट होता, आमच्यासाठी नव्हता. मग उद्या कोणी इथेच लिहिणार की फलाणी यूथमध्ये चमकली आणि पुढे ऑलिम्पिकला दिसली नाही, टॅलेंट होतं पण. अहो गटच नव्हता तर दिसेल कुठून?

मामा, भाच्याला घाबरवायला नको वाटते मला. नाक फुटलं तर त्याने ग्लव्ह घासला सांगितलं नं, म्हणजे लाजला आहे तो. लाजला म्हणजे समजलं आहे. बर्फ लावला होता का?


साउथपॉ_सदर

तर्री, हॉल ऑफ फेम मान्य. पण २८ ला थांबलेला फेदरवेट म्हणजे अर्धं ताट वाढून उठलेला माणूस, माझं मत बदलत नाही.

मामा, अजून एक आठवलं आणि हे त्याला जास्त जवळचं वाटेल. अखिल कुमार, भिवानीवाला. तोही ओपन गार्ड, हात खाली, छाती पुढे, ये मार म्हणायचा. २००६ ला मेलबर्न कॉमनवेल्थचं गोल्ड. बीजिंगला २००८ मध्ये रशियाच्या वर्ल्ड चॅम्पियनसोबत ९-९ बरोबरी आणि एकूण पंच मोजून अखिल जिंकला, मी घरात खुर्ची पाडली होती. पुढच्याच मॅचला, मेडल एका विजयावर असताना, मोल्डोव्हाचा गोजान दूर उभा राहून खेळला आणि ३-१० हरला. तीच ओपन गार्ड, तीन दिवसांच्या अंतराने. त्या वेळी मेडल आलं विजेंदरला, ज्याचं आधी कोणी फारसं नाव घेत नव्हतं.


जरीपटक्याचा_मामा

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. अजनीदादा, तुमचं मी दोनदा वाचलं, ताईला पण वाचून दाखवलं, ती उठून आत गेली.

काल रात्री भाच्याला घेऊन बसलो, टीव्हीला मोबाइल जोडला आणि बॅरेराची फाइट पूर्ण लावली. बारा राउंड, एकही पुढे ढकलू दिला नाही. पहिले चार राउंड तो म्हणत होता आता मारेल पहा मामा, आता मारेल. सहाव्यानंतर बोलणं बंद. दहाव्याला उठून उभा राहिला आणि टीव्हीसमोर स्वतःच डावीकडे सरकून पाहू लागला, बॅरेरा फिरते तसा, चप्पल घालून, फरशीवर. मला वाटलं झालं, काम फत्ते. संपल्यावर मी आवाज बंद करून विचारलं, काय दिसलं? तर म्हणते, मामा, नसीमला या फाइटचे किती पैसे भेटले असतील?

बर्फ लावला होता ताई, फ्रीजमधली मटाराची थैली. नाक ठीक आहे.

एक विचारायचं राहिलं, अजनीदादासाठी. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे. पोरगा ६१ च्या वर भरून राहिला आणि कोच म्हणतात ५७ मध्ये उतरवू, तिथं मेडल सोपं आहे. मी हो म्हणून आलो होतो.


अजनी_६०किलो

फोन करून नाही सांगा. आजच. आणि उद्या सकाळी साडेपाचला मी मानकापूरच्या गेटवर असतो, गुडघ्यामुळे चालतोच फक्त, पण पोराला पाठवा.